खिडकी जरा लवकर उघडली

आमच्या वॉर्डात माणूस गेला की खिडकी उघडायची. आत्म्याला वाट मोकळी होते, असं जुन्या नर्स सांगत. डेन्मार्कमधल्या यूटलंडच्या जानेवारीत आत्मा किती बाहेर जातो ठाऊक नाही, गारठा मात्र आत येतो. तरी उघडते मीही.

त्या हिवाळ्यात खिडक्या फार उघडाव्या लागल्या. दोघी आजारी रजेवर, त्यांच्या जागी कुणी नाही, आणि वरून साहेबलोकांनी 'मन शांत कसं ठेवावं' याचा वर्ग लावलेला. तेवढा वेळ पेशंटकडे कोण बघणार, असं मी विचारूनही पाहिलं.

आमच्यात सगळ्यांत हळवी मायकेन. कुणी गेलं की कपाटामागे जाऊन रडायची आणि नाक पुसून पुढच्या खाटेकडे जायची. हल्ली तिला रडूच येत नव्हतं.

"आतलं आटलंय गं," ती एकदा म्हणाली. "परत येईल का?"

"सुट्टी घे, येईल," मी म्हटलं. पण सुट्टी मिळत होती कुणाला!

शेवटच्या खोलीत आयनर नावाचा म्हातारा कोळी होता. फुप्फुसं कामातून गेलेली, जीभ मात्र शाबूत. मायकेनवर त्याचा भारी जीव. त्याची बायको टोवे रोज दुपारी बसने यायची.

त्या दिवशी टोवे यायच्या आधी मायकेन मला बोलवायला आली. "आयनर गेला. चल, पुसून घेऊ त्याला." चादरी संपल्याचं सांगावं तसं तिने सांगितलं.

मी कोमट पाणी घेऊन गेले. खिडकी सताड उघडी होती. आयनरचे हात छातीवर जुळवलेले, कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. मी कपाळाला ओला रुमाल लावला आणि आयनरने डोळे उघडले.

"अगं बायांनो, गारठवून मारता का काय मला?"

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. तेवढ्यात त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. "अस्सं! म्हणजे मी गेलो म्हणायचा. टोवेला कळवलंत का? नाहीतर ती उगाच तिकीट काढेल."

मला हसू आवरेना. मायकेनने खिडकी लावली, यंत्र त्याच्या कानात बसवलं आणि त्याच्यासमोर बसली.

"मी नाडीसुद्धा बघितली नाही, आयनर. तू गेलास असं वाटलं आणि मला बरं वाटलं. एक काम कमी झालं, असं."

मी तिला चिमटा काढला. आयनरने मान डोलावली.

"पोरी, टोवेलाही वाटत असणार तसं. माझं इतकं करून करून कुणालाही वाटेल. म्हणून काय मी तिला सोडचिठ्ठी देऊ?"

"पण ती रडेल तरी ना नंतर?" मायकेनने विचारलं.

 आयनरने तिचा हात हातात घेतला. तिने तो घेऊ दिला, एवढंच.

संध्याकाळी मायकेनने नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. इतकी मायाळू नर्स आमच्या डोळ्यांदेखत संपली आणि आम्ही नुसत्या बघत राहिलो, याची मला हळहळ वाटते. आमची मुख्य नर्स बिर्टे माणूस म्हणून चांगली. तिने मायकेनला घट्ट जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "रविवारची पाळी तेवढी करून जाशील?"

मायकेन हो म्हणाली. आणि रविवारी आलीसुद्धा.