मावशीचं पान

उसवायचं काम माझ्याकडे आलं ते माझी नजर चांगली म्हणून, असं बायका सांगतात. खरं कारण म्हणजे मला नाही म्हणता येत नाही.

आमच्या आतिउ बेटावर तिवाएवाए, म्हणजे नक्षीची चादर, कुणी एकटीने शिवत नाही. पांढरी चादर अंथरायची, तिच्यावर कापलेली पानंफुलं मांडायची आणि सगळ्यांनी भोवती बसून टाके घालायचे. कुणाचा टाका वाकडा गेला तर ती घरी गेल्यावर तो उसवून नीट घालायचा आणि कुठे बोलायचं नाही. ही रीत आम्हाला आकाइती मावशीने लावली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिने वर्षभर माझे टाके उसवले होते, हे मला फार उशिरा कळलं.

आता मावशी ऐंशीच्या पुढे, डोळे गेलेले. तिचे टाके म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. दर गुरुवारी बायका पांगल्या की मी चर्चच्या सभागृहात तिची पानं उसवून पुन्हा शिवत बसायची. तीन महिने. मान धरायची, बोटं सुजायची, घरी तारोचे कंद सोलायचे पडलेले असायचे. खोटं कशाला बोलू, मला तिचा रागच यायचा. जमत नाही तर घरी बसावं माणसाने.

एरवी आमच्या चादरी भेट द्यायच्या असतात, पण ही तिचीच होती. ती गेली की तिला याच चादरीत गुंडाळून मातीत ठेवायचं होतं. नाताळ काही मी बघत नाही, असं ती म्हणायची आणि आमच्यातली नूरोआ तिला चिडवायची, की गेल्या नाताळलाही हेच ऐकलं.

एका गुरुवारी सगळ्या गेल्या तरी मावशी उठली नाही. बाराही पानांच्या कडांवरून बोट फिरवत राहिली.

"तांगी, ही सगळी तुझीच आहेत."

मी सुया गोळा करायला लागले.

"छान आहेत. मीच शिकवलंय." मग म्हणाली, "पण पोरी, मातीत कोण बघणार आहे गं? माझं एक तरी राहू द्यायचंस."

मला फार लाज वाटली. दुसऱ्याला द्यायच्या चादरीची रीत मी जाणारीच्या चादरीला लावली होती. मी कात्री घेतली आणि मधल्या पानाचे माझे टाके उसवायला लागले. तेच सगळ्यांत सुबक आलं होतं.

"काय करतेस?"

"वाकडं आलंय," मी म्हणाले आणि सुई ओवून तिच्या हातात दिली.

संध्याकाळपर्यंत ती शिवत होती आणि मी कड धरून बसले होते.

डिसेंबरात आम्ही तिला गुंडाळलं. ते पान बरोबर छातीवर आलं. नूरोआ वाकून बघत हळूच म्हणाली, "हे कसं गं राहिलं उसवायचं?"

"दमले होते," मी म्हणाले.