कुंकू दाखवणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना हॅलोजन दिवा आहे. अकोल्यातल्या खुशालरावांच्या फोटो स्टुडिओत, पडद्याच्या डाव्या अंगाला, तीन पायांच्या स्टँडवर मी उभा असतो. माझ्या अंगावरचा काळा रंग पोपडे धरून निघाला आहे. पण आतली काचेची नळी पेटली की भिंतीवरची पाल अजूनही जागा सोडून पळते! देवानं दिलेल्या उजेडाचा गर्व करू नये, हे मला कळतं. पण त्याची लाज तरी का बाळगावी?

पत्र्याच्या एका लहानशा कारखान्यात मी घडलो. खुशालरावांनी मला घरी आणलं, त्या दिवशी त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी आधी मला हळदकुंकू वाहिलं आणि मगच बटण दाबू दिलं. पुढे किती चेहरे पाहिले म्हणून सांगू! लग्नाला उभे राहिलेले लाजरे तरुण, जावळाआधी फोटोला आणलेली रडकी बाळं, शाळेच्या अर्जाला फोटो हवा म्हणून तेल चोपडून आलेली मुलं. भादव्यात मात्र तीन दिवस माझी स्वारी माडीवर जाई. गोदाबाईंच्या घरच्या महालक्ष्म्यांसमोर उभं राहण्याचा मान माझा होता. माझ्यावर कोणत्या रंगाचा कागद लावून मखरात उजेड कुठून पाडायचा, हे त्या एकट्या ठरवत.

मग त्यांचा मुलगा अमोल दुकान पाहू लागला. त्यानं नवे एलईडी दिवे आणले. बटण दाबलं की लाल, पुन्हा दाबलं की निळा. माझी गरज संपली. माझ्या मानेवर आता छत्री टांगली जाऊ लागली. "आई, याले भंगारात देऊन टाकू का?" असं अमोलनं दोनदा विचारलं. गोदाबाईंनी दोन्ही वेळा मानेनंच नको म्हटलं. त्या बोलतातच कमी.

अमोलची बायको रागिणी दुकानाच्या पुढच्या भागात ब्युटी पार्लर चालवते. एकदा अमरावतीत नवरीच्या मेकअपची स्पर्धा होती. एकच फोटो पाठवायचा होता, तोही त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत. निवड झाली, तर तिथल्या मेकअपच्या वर्गात मुलींना शिकवायला मिळणार होतं. रागिणीनं शेजारच्या वर्षालीला नवरी केलं. वर्षाली चांगली सावळी.

"हिले गोरी करून टाक ना, सोपं पडीन," अमोल हसत म्हणाला.

"मंग ते वर्षाली काहून राहीन?" रागिणी म्हणाली. "मले हिचाच रंग दाखवाचा हाये."

"आयका भाऊजी!" वर्षाली म्हणाली. "अन् लवकर करा. माहे डोये चुरचुरून राहिले."

नवरी म्हणजे लाल, असं म्हणून अमोलनं समोरून लाल उजेड पाडला. पाहतो तर काय, कपाळावरचं कुंकूच दिसेना! ओठांचा लाल रंगही पुसल्यासारखा झाला. रागिणीनं लिपस्टिक आणखी गडद केली, कुंकू पुन्हा रेखलं. तरी तेच. पांढरा उजेड लावला, तर वर्षालीची कांती राखेसारखी दिसू लागली. निळ्यात ती आजारी वाटली. शेवटी अमोलनं पुन्हा लालच लावला. घड्याळात पाच वाजून गेले.

"माह्या हातातच काही नाही," रागिणी म्हणाली आणि सगळा मेकअप पुसून टाकायला तिनं कापूस उचलला.

तेवढ्यात गोदाबाई खाली आल्या. त्या दिवशी त्यांची चतुर्थी होती. चंद्र दिसेपर्यंत पोटात पाणीच. लाल उजेडातली नवरी पाहून त्या दारातच थबकल्या.

"बाप्पा! नवरीचं कपाय भुंडं काहून?"

"लावलं हाये आई, दोनदा लावलं! दिसतच नाही," रागिणी रडवेल्या आवाजात म्हणाली.

गोदाबाईंनी तिच्या हातातला कापूस हळूच काढून घेतला. "तुह्या हाताचा दोष नाही वं पोरी. पयल्या वर्षी म्याही महालक्ष्म्यायच्या समोरून लाल कागद लावला होता. कुकू लावू लावू थकली. लाल उजेडात लाल बुडते. रंग पाठीमांगून द्यावा, अन् तोंडावर आपला साधा पिवया उजेड. अमोल, तो छत्रीवाला आन इकडं."

मित्रांनो, तो छत्रीवाला म्हणजे मी!

अमोलनं माझी धूळ पुसली. माझी जुनी नळी गेलेली होती. गोदाबाईंनी कपाटातून नवी काढली आणि स्वच्छ कोरड्या फडक्यात धरून बसवली. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना त्या असाच हात लावतात. उघड्या बोटांचं तेल नळीला लागलं, तर ती लवकर फुटते. मला समोर, जरा उंचावर ठेवलं. लाल एलईडी वर्षालीच्या मागे गेला, निळा पडद्यावर.

मी पेटलो. वर्षालीची सावळी कांती तांब्याच्या घासलेल्या कलशासारखी उजळली. कुंकू जागच्या जागी ठसठशीत उभं राहिलं. मागच्या लाल उजेडानं तिच्या केसांना कड लागली. डोळे पुसून रागिणीनं वर्षालीचा पदर तेवढा नीट केला. फोटो पावणेसहाला गेला.

रागिणीची निवड झाली. अमरावतीहून विचारणा आली, "कोणता नवा दिवा वापरला?"

"नवा नाही," रागिणी म्हणाली. "आमच्या महालक्ष्म्यायचा हाये."

वर्गाच्या पहिल्या दिवशी ती मला एसटीनं अमरावतीला घेऊन गेली, गोदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, थेट मांडीवर. छत्री आता खुंटीला असते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा पुसून पाहा. आणि तिला कसं हाताळायचं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. वर्गात रागिणीनं मुलींना ब्रश धरायला नंतर शिकवलं. आधी एकेकीच्या हातात कोरडं फडकं दिलं आणि माझी नळी बसवायला लावली.