एका किल्लीवर शिकवलेली गाडी

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास वायरमनने जुन्या ट्रकच्या सीटखालचा कंट्रोल मॉड्यूल काढला आणि त्या जागी भंगारातल्या दुसऱ्या ट्रकमधून मिळवलेला बसवला. चार बोल्ट, दोन मोठे सॉकेट, एक अर्थिंगची तार. इथपर्यंत कामात अडचण आली नाही.

मॉड्यूलला गॅरेजमध्ये सगळे डबाच म्हणतात. दिसतोही तसाच, जेवणाच्या चपट्या डब्यासारखा. इंजिनाला डिझेल किती आणि केव्हा द्यायचे हे तो ठरवतो. त्याचे आणखी एक काम म्हणजे किल्ली ओळखणे. ओळखीची किल्ली नसेल तर तो डिझेल सोडत नाही.

ट्रक दोघा भावांचा. थोरला भाडी मिळवायचा, धाकटा चालवायचा. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी राहायची आणि दोघांकडे तिची एकेक किल्ली असायची. वय झाल्यामुळे घरात तिला म्हातारी म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारी वाटेत बंद पडू लागली. सकाळी निघताना ठणठणीत. ऊन चढले, मालाने भरलेली असताना घाट लागला, की इंजिन एकदम गप्प. तासाभराने आपोआप चालू. धाकटा फोनवर सांगायचा, "दादा, डबा तापतो आणि गाडी मरते. बदलून टाकू या." थोरला दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये जाऊन किल्ली फिरवायचा. पहिल्याच झटक्यात इंजिन लागायचे.

"बघ, लागली की नाही? माझ्या हातात बरी चालते ती."

गाडी तपासायची ती सकाळच्या गारव्यात, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. तापलेला डबा त्याने कधी पाहिलाच नाही.

शेवटी धाकट्याने आपल्यापुरता उपाय शोधला. सीट उचलून डब्यावर ओले फडके टाकायचे आणि वाटेत ते भिजवत राहायचे. गाडी उशिरा का होईना, पोचू लागली. एकदा माल उतरवायच्या जागी थोरला आधीच येऊन थांबला होता. पाना शोधायला त्याने सीट उचलली आणि फडके त्याच्या हातात आले.

"वायरिंगवर पाणी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तूच मारलीस ही गाडी!"

"दादा, अरे त्याच्यामुळेच तर ती—"

"वाटेत झाडाखाली ताणून द्यायची आणि नाव गाडीचं पुढे करायचं! मी काय दुधखुळा आहे?"

हमाल ऐकत उभे होते. त्यातला एक हसला. धाकट्याने गाडी घरी आणून लावली, दोन दिवस जेवायलाही घरात आला नाही आणि मग कुणाच्या तरी टँकरवर नोकरीला लागला. टँकर जिथून भरतात तिथेच त्याने खोली घेतली. म्हातारीची किल्ली त्याच्याकडे राहिली. थोरल्याने मागितली नाही, त्याने दिली नाही. थोरल्याच्या बायकोने मात्र याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. ती म्हणायची, ज्याला परत यायचंच नसतं तो किल्ली तोंडावर फेकून जातो.

थोरल्याने बदली ड्रायव्हर ठेवून पाहिले. कुणी टिकले नाही. पुढे गाडी सकाळच्या गारव्यातही कधी लागे, कधी लागेना, तेव्हा वायरमनला बोलावणे गेले.

नवा डबा बसल्यावर वायरमनने लॅपटॉपची केबल डॅशबोर्डखाली जोडली आणि हात पुढे केला. "किल्ल्या द्या."

थोरल्याने खिशातून किल्ली काढून दिली.

"किल्ल्या म्हणालो, काका. दुसरी कुठंय?"

"एकच आहे."

"हिला दोन असतात. डबा नवा आहे, त्याला घरातली माणसं ओळखायला शिकवायचीत. एकाच बैठकीत सगळ्या किल्ल्या दाखवाव्या लागतात. जी हजर नसेल ती बाद. नंतर ती लावून बघा, स्टार्टर फिरेल, पण इंजिन काही लागायचं नाही."

थोरल्याची बायको चहाचे कप घेऊन शेडच्या दारात आली होती. "भाऊजींना फोन करा ना. दुपारपर्यंत येतील."

"साहेब टँकर चालवतात आता. त्यांना म्हातारीसाठी कुठला आलाय वेळ?"

"अहो, एक फोन केला तर काय झिजणार आहात का?"

"तिकडे माल भरायचा खोळंबलाय. दुसऱ्या गाडीनं गेला तर भाडं तू भरून देणार आहेस?"

वायरमनने नवराबायकोकडे आळीपाळीने पाहिले. "मी थांबतो दुपारपर्यंत. मागच्या गल्लीत एका गाडीचे दिवे बघायचेत, तेवढं उरकून येतो. का करू एकीवरच?"

"कर. ज्याला गाडी नको, त्याला किल्ली कशाला हवी?"

तिने कप केबिनच्या पायरीवर ठेवले आणि ती आत निघून गेली. वायरमनने किल्ली लावली, स्क्रीनवरची पट्टी भरू दिली, किल्ली काढली, पुन्हा लावली. म्हातारी एका झटक्यात लागली. थोरल्याने टायरवर थाप मारली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

जुना डबा भंगारात टाकण्याआधी त्यातले काय जिवंत आहे ते बघायचे, ही वायरमनची रीत. ते भाग पुढे कुणाच्या तरी कामी येतात. शेडमधल्याच फळीवर त्याने डबा बॅटरीला जोडला आणि दुसऱ्या बाजूला एक छोटा बल्ब लावला. बल्ब पेटला. मग त्याने गरम हवेच्या पंख्याचे तोंड डब्यावर धरले. थोडा वेळ काही झाले नाही. मग बल्ब फडफडला आणि विझला.

थोरला हात पुसत जवळ आला. "काय झालं?"

"आतला जोड चिरलाय. थंड असला की टेकलेला राहतो, तापला की सुटतो. तुमची गाडी दुपारची मरत असणार."

वायरमनने बादलीतले फडके पिळून डब्यावर टाकले आणि वाट बघत आपला चहा प्यायला. बल्ब परत पेटला.

"हे बघा. गार केला की उठून बसतो."

"म्हणजे पाण्यानं बिघडला नाही?"

"पाणी आत कुठं गेलंय? सील शाबूत आहे. कुणी वरून ओलं ठेवलं असेल तर त्याच्यावरच चालला असेल इतके दिवस. कोण ठेवत होतं?"

थोरला बल्बकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "दुसरी किल्ली आणली तर शिकवता येईल?"

"येईल की. दोन्ही परत दाखवायच्या. पण किल्ली हातात पाहिजे, फोनवर नाही जमत." स्वतःच्याच बोलण्यावर वायरमन हसला. "आणि मी आज संध्याकाळी बहिणीकडे चाललोय, तिचं घर हलवायचंय. शनिवारी येतो. म्हणून तर विचारत होतो, थांबू का."

त्याच संध्याकाळी थोरल्याने फोन लावला. बायको समोर भाजी निवडत बसली होती.

"बोल," धाकटा म्हणाला. मागे कुठेतरी पंप चालू होता.

"गाडीचा डबा बदलला."

"बरं."

"डबाच होता."

"मी काय सांगत होतो?"

"हो."

"हो काय?"

"तू सांगत होतास तेच होतं."

यापुढे माफीचे एक वाक्य होते. ते हमालांसमोर नाही तर निदान फोनवर म्हणायला हवे होते. थोरल्याने ते म्हटले नाही. त्याने विचारले, "जेवणाचं काय करतोस तिकडे?"

"जेवतो." मग धाकटा जरासा हसला. "चालते कशी आता?"

"एका झटक्यात लागते."

"बघायला पाहिजे एकदा. माझी किल्ली आहे अजून माझ्याकडे."

बायकोने मान वर केली. तिने बोटांनी किल्ली फिरवल्याची खूण केली, आता सांगा. थोरल्याने तोंड फिरवले. "ये ना," तो म्हणाला, "केव्हाही ये." आणि फोन ठेवला.

"किल्लीचं का नाही सांगितलंत?"

"शनिवारी वायरमन येतोय. तेव्हा बोलावतो आणि दोन्ही शिकवून घेतो. त्याला कळायचंही कारण नाही."

"आणि आधीच आले तर?"

"तो कसला येतोय लगेच? मला माहीत नाही का तो?"

धाकटा शुक्रवारी आला. दुपारची वेळ होती आणि थोरला पुढच्या भाड्याचे ठरवायला बाहेर गेला होता. टँकर वळणावर लावून धाकटा चालत आला आणि घरात न जाता सरळ शेडमध्ये गेला. केबिनच्या दाराची करकर वहिनीला स्वयंपाकघरात ऐकू आली. ते दार तसे उघडणारा एकच माणूस होता. ती खूश झाली. तिने चहाचे पाणी चढवले, आणि मग तिच्या लक्षात आले.

ती धावली तोवर स्टार्टर फिरू लागला होता. फिरला, फिरला, थांबला. पुन्हा फिरला. डॅशबोर्डवर किल्लीचा लाल दिवा लुकलुकत होता. धाकटा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता.

"वहिनी, दादानं किल्ली बदलली?"

"तसं नाही हो, भाऊजी. ते मशीनचं असतं काहीतरी. नवा डबा एकच किल्ली ओळखतो म्हणे. शनिवारी तुमचीही करणार आहेत."

"मशीनला कुणी सांगितलं एकच ओळखायला?"

वायरमनने सांगितले, असे ती म्हणू शकली असती. वेळ नव्हता, माल खोळंबला होता, तुमचा फोन लागत नव्हता, काहीही. नंतर तिने हे सगळे नवऱ्याला बोलून दाखवले. त्या वेळी ती गप्प राहिली, आणि धाकट्याला तेवढे पुरले.

"चहा टाकलाय," ती म्हणाली.

"टँकर वळणावर उभाय वहिनी. हलवायला पाहिजे."

तो खाली उतरला. दार त्याने आपटले नाही. किल्ली त्याच्या हातातच होती. ती त्याने खिशात टाकली की मुठीत तशीच धरून नेली, हे तिने पाहिले नाही.

थोरला तासाभराने परतला. बायकोने जे झाले ते सांगितले, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग त्याने मेसेज लिहायला घेतला. बराच वेळ लिहीत होता, पण गेला तो एवढाच: "उद्या वायरमन येतोय. किल्ली घेऊन ये. चूक माझी होती." मेसेज वाचला गेला. उत्तर आले नाही.

शनिवारी वायरमन ठरल्याप्रमाणे आला. केबल जोडून त्याने एक किल्ली डॅशबोर्डवर ठेवली आणि विचारले, "दुसरी?"

"येतेय," थोरला म्हणाला.

"नक्की? नाहीतर मी जरा पलीकडचं काम—"

"थांब. आज थांब."

वायरमन केबिनमध्येच पाय वर घेऊन बसला. दुपारी बायकोने दोघांना जेवायला वाढले. तीनच्या पुढे थोरल्याने ओळखीच्या डिझेल पंपावर फोन केला. धाकटा दुपारी तिथे आला होता. टाकी भरली, तोंड धुतले आणि टँकर काढला. फाटा पंपाला लागूनच आहे. तो घराच्या बाजूला वळला की सरळ पुढे गेला, हे पंपावरच्या माणसाने पाहिले नव्हते.