टायरावरची होडी

उमरग्याच्या अलीकडं हायवेला रणधीरचं हॉटेल आहे. बब्रुवाननं तिथं जीप थांबवायला सांगितली आणि खाली उतरायच्या आधीच त्याला दिसलं, की होडी चुकीची बसवलीय.

अकरा महिन्यांपूर्वी त्याची बायको कस्तुराबाई गेली. तेराव्यानंतर तिच्या माहेरच्यांनी लुगडी वाटून घेतली, भांडी नेली. बब्रुवान तापानं अंथरुणावर पडला होता तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, रणधीरनं, शिडाची होडीसुद्धा ट्रेलरसकट ओढून नेली. बाकी कशाबद्दल बब्रुवान बोलला नाही. होडी मात्र त्याला परत पाहिजे होती. मुंबईत होड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढून गावी येताना त्यानं ती मोडक्या अवस्थेत विकत घेतली होती आणि तामलवाडीच्या अंगणात दोन वर्षं खपून नीट केली होती. नळदुर्गजवळच्या धरणात ती पहिल्यांदा सोडली तेव्हा सुकाणू कस्तुराबाईनं धरलं. पुढची नऊ वर्षं तिनं ते दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. तिची म्हणून त्याच्यासाठी उरलेली ती एकच वस्तू.

या होडीच्या तळाला मधोमध फट आहे आणि त्या फटीत दीड क्विंटलचं लोखंडी पातं एका पिनेवर टांगलेलं आहे. पाण्यात ते खाली सोडायचं, म्हणजे वाऱ्यानं होडी कलंडत नाही. काठ आला की वायरीनं वर ओढून घ्यायचं. ट्रेलरवर घेतल्यावर मात्र पातं मधल्या फळीवर टेकवायचं, वायर सैल सोडायची आणि होडीच्या पोटाला दोन्ही अंगांनी लांबच्या लांब फळ्या द्यायच्या. एवढं केलं तर होडी वर्षानुवर्षं उभी राहते. रणधीरनं यातलं काहीच केलं नव्हतं. ट्रेलरवर होडी ट्रकच्या चार जुन्या टायरांवर ठेवली होती, पातं वायरीला लोंबकळत होतं, आणि वर गिऱ्हाइकं फोटो काढायला चढत होती.

बब्रुवाननं खाली वाकून हात फिरवला. टायर होते तिथं पोट आत दबलं होतं. पिनेजवळ एक चीर गेली होती, बोटाच्या पेराएवढी.

रणधीर गल्ल्यावरून उठून आला. त्यानं रामराम घातला नाही, पाणी विचारलं नाही. जीपवाल्या धुळाप्पाला मात्र चहा पाठवला, मुद्दाम.

"हात लावू नका, दाजी. तायडीची होडी हाय ती."

"मोडाया लागलीय."

रणधीर हसला. म्हणाला, "मोडंल कशी? फळ्या टणक व्हत्या, म्हणून टायर घातलेत. घागरीला चुंबळ देतो तसं. लई मऊ बसलीय."

"घागरीच्या पोटात दीड क्विंटल लोखंड लोंबत न्हाय."

फळ्या कुठं आहेत म्हणून बब्रुवाननं विचारलं. रणधीरची नजर लिंबाखाली गेली. तिथं विटांच्या थरांवर टाकलेल्या दोन लांब बाकांवर एक कुटुंब जेवत बसलं होतं. बाकांवर ठोकलेला गालिच्याचा तुकडा बब्रुवाननं ओळखला. होडीला ओरखडा पडू नये म्हणून तो त्यानंच या फळ्यांना ठोकला होता. तो तिथं जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना उठायला सांगितलं. एकानं विचारलं, तुम्ही कोण. "बाकाचा मालक," तो म्हणाला. लोक ताटं हातात घेऊन उठले.

मग रणधीरचं तोंड सुटलं. गेले अकरा महिने पाहुण्यारावळ्यांत जे बोलत होता ते त्यानं गिऱ्हाइकांच्या देखत बोलून दाखवलं. या माणसानं माझ्या बहिणीला खोकला असताना पाण्यावर नेलं. होडीला दर साली रंग दिला, बायकोला एक डॉक्टर दाखवला नाही. हे सगळं बब्रुवानच्या कानावर आलेलं होतं, पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं एक फळी खांद्यावर घेतली आणि चालू लागला. दुसरी धुळाप्पानं आणली.

धुळाप्पानं जॅक लावला. होडी बोटबोटभर उचलायची, टायर ओढायचा, फळी सरकवायची, असं करत तासाभरात चारही टायर निघाले. उरलं पातं. त्याला दोघं लागतात. एकानं होडीत चढून हँडल फिरवत वायर सोडायची, दुसऱ्यानं खाली आडवं होऊन ट्रेलरची मधली फळी बरोबर पात्याखाली धरायची. बब्रुवाननं धुळाप्पाला वर चढायला सांगितलं, तर रणधीर आडवा आला.

"परका मानूस तायडीच्या होडीत चढायचा न्हाय. वायर म्या सोडतो."

"रोज पन्नास परकी चढत्यात की."

रणधीरनं धुळाप्पाला बाजूला सारलं. तो वर चढला. बब्रुवानला ते पसंत नव्हतं, पण म्हणजे धुळाप्पा जॅकपाशी थांबू शकत होता. बब्रुवान ट्रेलरखाली शिरला, फळी मधोमध धरली. वर हँडल फिरलं. पातं चार बोटं खाली आलं आणि थांबलं.

फटीतून रणधीरचा आवाज आला, एकदम हळू.

"दाजी, दवाखान्यात न्ह्यायला उशीर का झाला?"

"वायर सोड."

"आदी सांगा. हँडल माझ्या हातात हाय."

असं करू नका म्हणून धुळाप्पा ओरडला. त्याच्याकडं दोघांनीही लक्ष दिलं नाही. बब्रुवानचा हात पात्याखाली होता. काढता आला असता. पण फळी सरकली असती, सगळा भार पुन्हा त्या चिरेवर आला असता. लोकांना द्यायचं एक उत्तर त्याच्याकडं तयार होतं, दुखणं उशिरा कळलं असं. अकरा महिने तो तेच देत आला होता. आता ते तोंडात येईना.

"दुखतंय असं ती म्हणली न्हाय," तो म्हणाला. "आन म्या इचारलं न्हाय. दिसत व्हतं मला. म्या शीड शिवत बसलो."

मग हँडल फिरलं, एकेक दाता करत. पातं फळीवर टेकलं, वायर सैल पडली. बब्रुवाननं हात काढून घेतला.

रणधीर खाली उतरला तेव्हा त्याच्या मुठीत कापडाची पट्टी होती. सुकाणूचा दांडा हातातून निसटू नये म्हणून कस्तुराबाईनं त्याला आपल्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळला होता, तो त्यानं सोडवून घेतला होता. बब्रुवाननं ते पाहिलं आणि होडी ट्रेलरला बांधायचे पट्टे आवळायला वळला.

"आता इकडं येऊ नका," रणधीर म्हणाला.

"न्हाय येत."

ट्रेलर मागं जोडून धुळाप्पानं जीप हळूहळू काढली. नळदुर्गला बब्रुवाननं ती थांबवली आणि ट्रेलरखाली डोकं घातलं. वायर सैल होती. चिरेवर त्यानं बोट ठेवलं. पेराएवढीच होती, वाढली नव्हती.