नाव तेवढं दिसावं

वसुंधराकाकूंच्या पुस्तकाचं पहिलं मुखपृष्ठ मी वीस मिनिटांत केलं होतं. पिवळ्या रंगावर जाड काळ्या अक्षरांत ‘डिसेंबरातलं ऊन’, खाली त्यांचं नाव. बस्स. काकूंची नजर दोन वर्षांत पार उतरली आहे. ‘पुस्तक वाचता नाही आलं तरी चालेल, नाव तेवढं माझं मला वाचता यावं,’ एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मग त्यांच्या मुलाने, इंद्रनीलने, ते इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिथे प्रत्येकाकडे ‘एक छोटंसं सजेशन’ होतं. कुणाला पुण्याची पर्वती हवी, कुणाला इथला स्काय टॉवर. न्यूझीलंड वाटायला नको का, म्हणून नेच्याचं पान आलं. अध्यक्षांना कोपऱ्यात मंडळाचा लोगो हवाच होता. इंद्रनीलने तर फोनच केला.

“आईचा हिल्सबरोच्या घरासमोरचा फोटो टाकूया ना. हीप्स ऑफ स्पेस आहे गं अजून.”

मी न्यू लिनला दिवसभर दुकानांच्या पाट्या डिझाइन करते. घरी येऊन पुन्हा माऊस धरणं जिवावर येतं. तरी मी भांडले. काकूंना हे दिसणार नाही, असं ग्रुपवर दोनदा लिहिलं. त्यावर तीन अंगठे आले आणि खाली नवं सजेशन. अकराव्या खेपेला मी ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’, लिहिलं आणि फाइल छापायला पाठवून दिली. त्या लोकांचा मला मनापासून वीट आला होता.

काल दुपारी अवोन्डेलच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. खाकी कागदात बांधलेली प्रत काकूंनी स्वतः सोडवली. टाळ्या झाल्या, फोन वर झाले. काकूंनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, मग लांब धरलं, मग तिरकं.

“सुरुची, नाव कुठे आहे गं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. पर्वती आणि टॉवरच्या मधल्या ढगांत ते पांढऱ्या, बारीक अक्षरांत होतं. काकूंनी दिसल्यासारखी मान हलवली आणि फोटोसाठी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहाच्या वेळी मी तो खाकी कागद उचलला. शाळा सुरू होताना घालायचो तसं पुस्तकाला कव्हर घातलं, कडा नखाने दाबल्या आणि जाड मार्करने पुस्तकाचं आणि त्यांचं नाव लिहिलं. काकूंनी हात लांब करून एकेक अक्षर वाचलं. डिसेंबरातलं ऊन. मग स्वतःचं नाव, तेही मोठ्याने. इंद्रनील चहाचे कप घेऊन मागे उभा होता.

“हे छान आहे,” काकू म्हणाल्या. “हेच का नाही छापलंस?”

“दमले होते, काकू.”

“मीही दमलेय गं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर एवढंच मागितलं होतं.”