फोटोतलं पिवळं वर्तुळ

मी एक जुनं खळं आहे, मित्रांनो. शेतात उभे राहून शोधाल तर मी दिसणार नाही. हातभर मातीखाली पडून आहे.

एके काळी मात्र माझा काय थाट होता! दगड अंथरून, वर माती चोपून चोपून मला घडवलं. मधल्या खांबाभोवती बैल फिरत, मळणी होई, वाऱ्यावर भूस उडे. "इथे सांडलेला दाणासुद्धा सापडतो हो!" असं लोक कौतुकानं म्हणत. मग मळणीयंत्र आलं आणि मला कुणी विचारेना. माझ्यावर माती लोटली, नांगर फिरला. शेजारची विहीरही अशीच बुजवली. दोघं बापुडी गप्प पडून राहिलो.

यंदा पावसानं दगा दिला. माझ्या कठीण पाठीमुळे मुळं खोल जाईनात, म्हणून माझ्यावरचं पीक आधी पिवळं पडलं. विहिरीत भरलेली माती भुसभुशीत, ओल धरणारी. तिथलं पीक हिरवंगार राहिलं.

शेत कसणाऱ्या काकूंचा जीव टांगणीला लागला. लवकर पाणी मिळालं नाही तर सगळं पीक हातचं जाणार होतं. नकाशांच्या कचेरीत काम करणारी त्यांची पुतणी विमानातून काढलेला शेताचा फोटो घेऊन आली आणि तिनं तो नेमका माझ्यावरच पसरला.

"काकू, हे पिवळं वर्तुळ बघ! आजोबांची बुजवलेली विहीर हीच!"

"अगं, एवढी मोठी होती का ती?"

"गोल आहे ना? मग दुसरं काय असणार?"

खऱ्या विहिरीवरचा हिरवा ठिपका तिच्या अंगठ्याखाली झाकला होता. उचल गं बाई तो अंगठा, असं ओरडावंसं वाटलं. पण खळ्याला कुठलं आलंय तोंड!

दुसऱ्या दिवशी खोदायचं यंत्र आलं. माझी पाठ फुटली, दगड उचकटले. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण काकूंचा चेहरा बघून जास्त वाईट वाटलं. खाली नुसता कोरडा मुरूम. त्यांनी एक गुळगुळीत दगड उचलला, त्यावरून हात फिरवला.

"अगं, हे तर खळं! उगीच मोडलं आपण."

"चुकलं गं माझं, काकू." पुतणी रडवेली झाली. तिनं फोटोची घडी घालून पिशवीत टाकली.

"असू दे पोरी. उद्या पीक कापून गुरांना घालू. निदान त्यांचं तरी पोट भरेल."

मित्रांनो, जुनी खूण दिसली की आधी नीट चौकशी करा, मग कुदळ उचला, एवढं सांगायचं होतं. पण राहू दे तो उपदेश. परत निघालेलं यंत्र बांधापर्यंत पोचलंय, काकू विळ्याला धार लावायला निघाल्यात आणि विहीर इथेच, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. कुणीतरी धावा रे, थांबवा त्यांना! माझं त्यांना ऐकू येत नाही.