चार नंबरची खाट

दवाखान्याच्या तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालताना तिचे कान सतत छताकडे लागलेले असत. बरोब्बर दोन मजले वर तिचा अतिदक्षता विभाग होता. तीन महिन्यांपूर्वी तिथेच, चार नंबरच्या खाटेपाशी, छातीत अशी काही धडधड उठली, की हातातला ट्रे टाकून ती जिन्यात जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. झालं, हिची रवानगी खाली. चादरी घाबरवत नाहीत, हे खरं. पण पेशंटसारख्या बरं वाटलं म्हणून डोळे उघडून हसतही नाहीत ना! त्या हसण्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

आणि आज सकाळी बोलावणं आलं. वरची एक नर्स रजेवर होती.

"आजचा दिवस बघू," मोठ्या सिस्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या. त्या तशा बघायला लागल्या की समोरच्याचा एक्सरेच निघायचा. "जमलं तर पुढचं बोलू. पळालीस तर चादरी आहेतच."

तिच्या खिशात तिचा आधार होता, ऑक्सिजन मोजायची बोटाची क्लिप. घाबरायला झालं की ती गुपचूप बोटाला लावायची. अठ्ठ्याण्णव दिसले की स्वतःला दटावायची, बाई गं, श्वास व्यवस्थित चाललाय तुझा.

दुपारी चार नंबरच्या खाटेवरच्या आजींची क्लिप बंद पडली. नवी येईपर्यंत म्हणून हिने झटकन आपली लावली. आणि नेमकं तेव्हाच पलीकडच्या खाटेचं यंत्र ठणाणा करायला लागलं. दुसरी नर्स धावली, निसटलेली वायर बसवली, आवाज थांबला. हिची धडधड मात्र थांबेना. घशाला कोरड. हात खिशात गेला. खिसा रिकामा. जिना आठ पावलांवर.

"हात बर्फ झालाय की गं तुझा," आजी म्हणाल्या. "माझं काही खरं नाही का?"

"तुमचं छान चाललंय, आजी. मीच घाबरलेय."

"मग बस इथं. मी कुठं पळून जातेय? एवढ्या नळ्यांनी बांधलंय मला."

ती बसली. आजींच्या मनगटावर तीन बोटं ठेवून, घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं तसं. एक मिनिट. मग आणखी एक. तिसऱ्या मिनिटाला धडधड ओसरली आणि तिला तहान लागल्याचं कळलं.

ड्युटी संपताना मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

खोटं बोलता आलं असतं. "एकदा अटॅक आला. पळाले नाही."

"आजींनी चहाडी केलीय माझ्याकडे." त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. "रजेवरची नर्स परवा येतेय. उद्या तू ये. परवाचं उद्या बघू."

उद्याचा एकच दिवस. तिला तर सगळे हवे होते.

बसथांब्यावर खिशात हात घातला तेव्हा आठवलं, क्लिप वर आजींच्या बोटालाच राहिली. तिने दवाखान्याच्या खिडक्या मोजल्या. डावीकडून चौथी, आजींची. बस आली आणि गेलीही. ती अजून तिकडेच बघत होती.